एकच नक्षी, तीन माग

सोलापुरी चादरीवरची मयूरपंखी नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून आधीच ठरवून ठेवलेली असते. जिथे भोक, तिथे ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे पुठ्ठा कोरा, तिथे धागा खालीच राहतो आणि धोटा वरून निघून जातो. जोसेफ मारी जॅकार्डने फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास बसवलेली ही तऱ्हा. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या ॲनालिटिकल इंजिनाच्या आराखड्यात याच भोकांच्या पट्ट्या घेतल्या, त्यामुळे कॉम्प्युटरच्या घराण्यात माग हा लांबचा आजोबा लागतो.

एका मागाच्या मापाने पाडलेल्या पट्ट्या वेगळ्या मापाच्या मागावर जशाच्या तशा चढत नाहीत, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणाला समजवावं लागणार नाही. विंडोज, लिनक्स, मॅक या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणाली, म्हणजे ओएस; पीसीवरचे बहुतेक गेम्स असेच त्यातल्या विंडोजच्या मापाने पाडलेले असतात. तीच नक्षी लिनक्सच्या किंवा मॅकच्या मागावर काढायची, तर एकतर कंपनीने पट्ट्या नव्याने पाडायच्या, नाहीतर मधे कुणीतरी दुभाषी बसवायचा. आणि मग चहाच्या गाड्यावर तो प्रश्न येतो : गेम कशावर जास्त पळतो, विंडोजवर की लिनक्सवर?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघतो. तो खोटं बोलत असतो असं नाही, पण त्याने मोजलेलं असतं काहीतरी भलतंच. कधी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम), कधी लॅपटॉपचे वॅट, आणि आपल्याकडे एप्रिल-मे असेल तर चक्क खोलीची उष्णता.

आधी दुभाष्याबद्दल. सोलापूरच्या पूर्व भागात हे समजवायला फार कष्ट पडत नाहीत. घरात तेलुगू, पेठेत मराठी, विजयपूरकडचं गिऱ्हाईक आलं की कानडी. बोलणारा मनात शब्दकोश उघडत नाही, समोरच्याला काय हवंय ते ओळखून त्याच्या भाषेत मागणी पुढे सरकवतो. लिनक्सवरचं वाईन हे साधारण असंच काम १९९३ पासून करत आलंय. विंडोजचा गेम म्हणतो ‘फाईल उघड’, ‘मेमरी दे’, ‘खिडकी दाखव’; वाईन ती मागणी लिनक्सच्या भाषेत सांगतं. प्रोसेसर दोन्हीकडे तोच असल्यामुळे गेमची आतली आकडेमोड थेट चालते, तिचं भाषांतर करावंच लागत नाही. म्हणून याला एम्युलेटर म्हणणं चूक. एम्युलेटर अख्खं दुसरं यंत्र सोंग आणून उभं करतो आणि त्याची किंमत पावलोपावली मोजावी लागते.

चित्र काढायच्या मागण्यांसाठी वेगळा दुभाषी लागतो. गेम बोलतो डायरेक्टएक्स, लिनक्सच्या ड्रायव्हरला कळतं व्हल्कन, जे २०१६ साली आलं. डायरेक्टएक्स ९, १० आणि ११ साठी डीएक्सव्हीके, १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. ही सगळी मंडळी एकत्र बांधून व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेम्सच्या दुकानात प्रोटॉन आणलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातातलं यंत्र त्यावरच उभं करून विकायला काढलं. तोवर लिनक्सवर गेम खेळणं म्हणजे हौसेला मोल नसतं या सदरातली गोष्ट होती.

भाषांतरात खरी अडचण येते ती ज्या शब्दाला दुसऱ्या भाषेत शब्दच नाही तिथे. विंडोजमध्ये एका धाग्याला (प्रोग्रॅमच्या धाग्याला, मागाच्या नव्हे) एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट बघत थांबता येतं : यातलं कुठलंही एक झालं तर उठव, किंवा सगळं झालं तरच उठव. लिनक्सकडे नेमकी अशी सोय नव्हती. जुनं वाईन यासाठी दर वेळी एका वेगळ्या प्रोग्रॅमकडे निरोप पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायचं. सेकंदाला हजारो वेळा असे निरोप गेले की प्रोसेसरचा वेळ हेलपाट्यांतच संपतो. मग ई-सिंक आला, एफ-सिंक आला; दोन्ही चपखल नाहीत, पण काम भागवणारे. शेवटी एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलेलं एनटीसिंक लिनक्सच्या ६.१४ कर्नलमध्ये २०२५ साली पूर्ण बसलं आणि विंडोजचा तो शब्द लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाला.

इथे एक फसवणूक आहे, कुणी मुद्दाम केलेली नाही तरीही. एनटीसिंकसोबत दिलेल्या आकड्यांत डर्ट ३ हा गेम सेकंदाला ११० फ्रेम्सवरून (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांवरून) ८६० वर गेलेला दिसतो. हा आकडा सगळीकडे फिरला. पण ती तुलना साध्या वाईनशी होती. प्रोटॉन वापरणाऱ्याकडे एफ-सिंक आधीपासूनच चालू असतो, त्यामुळे त्याला यातला बहुतेक फायदा केव्हाच मिळून गेलेला असतो. त्याने कर्नल बदलून आठपट वेगाची वाट बघितली तर हाती फारसं काही लागत नाही, आणि मग तो लिनक्सलाच नावं ठेवतो. आकडा खरा होता, फक्त तो कशाच्या पुढे ठेवलाय हे वाचलं गेलं नाही.

दुभाष्यामुळे काम हळू व्हायला हवं हे साधं तर्कशास्त्र झालं. कधीकधी उलटंही घडतं, आणि ते का घडतं हे बघण्यासारखं आहे. एएमडीचं कार्ड असेल तर लिनक्सवर त्याचा व्हल्कन ड्रायव्हर विंडोजवरच्या ड्रायव्हरपेक्षा पूर्ण वेगळा असतो. रॅडव्ही नावाचा हा ड्रायव्हर मेसा प्रकल्पातला. त्यातला शेडर (कार्डावर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) बनवणारा कंपायलर, एसीओ, व्हॉल्व्हच्या पैशावर लिहिला गेला. म्हणजे ‘लिनक्स जलद निघालं’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच कार्डाचा दुसऱ्या हाताने लिहिलेला ड्रायव्हर जलद निघालेला असतो. एल्डन रिंग हा गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, तेव्हा विंडोजवर भारी कार्डं बाळगणाऱ्यांनाही चालता चालता अडखळायला होत होतं. त्याच काळात स्टीम डेकवर तो अडखळणं कमी झालेल्या रूपात चालला, कारण दुभाष्याच्या थरातच मेमरी वाटपाची हाताळणी व्हॉल्व्हने सुधारून घेतली. मूळ पट्ट्यांना हात न लावता मधल्या माणसाने धागा सैल सोडला, असंच म्हणायचं. इंटेलने तर आर्क कार्डांच्या विंडोज ड्रायव्हरमध्येच जुन्या डायरेक्टएक्स ९ गेम्ससाठी डीएक्सव्हीकेची मदत घेतली. लिनक्ससाठी शिकलेला दुभाषी विंडोजच्या घरात नोकरीला लागला!

एनव्हिडियाचं चित्र इतकं गोड नाही. डायरेक्टएक्स ११ पर्यंतचे गेम्स विंडोजच्या जवळपास चालतात. पण डायरेक्टएक्स १२ चे गेम्स लिनक्सवर ठळकपणे मागे पडलेले दिसतात, आणि किरण-प्रकाशाचे म्हणजे रे ट्रेसिंगचे प्रकार चालू केले की आणखी. म्हणून ‘लिनक्सवर गेम १० टक्के जास्त पळतो’ असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न : कार्ड कुणाचं? एएमडीवर काढलेला निष्कर्ष एनव्हिडियावाल्याला देणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्या नाकावर चढवणं.

हा मुद्दा आपल्या गावात आता जास्त महत्त्वाचा झालाय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं. चौथ्या-सहाव्या पिढीचे आय-५, ऑफिसांतून निघालेले डबे आणि त्यात नंतर घातलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय नाहीतर एएमडीचं आरएक्स ५८०, अशा जुळणीवर खेळणारी मुलं कमी नाहीत. त्यांना कुणीतरी सांगतं, लिनक्स टाक. टाका, पण कार्ड बघून. आताचं डीएक्सव्हीके व्हल्कन १.३ मागतं. आरएक्स ५८० ला काही अडचण नाही, उलट त्याला लिनक्सवर चांगला ड्रायव्हर मिळतो. जीटीएक्स १०५० टीआय चालतं, मात्र एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ५८० ही त्या पिढीसाठी शेवटची शाखा आहे. आर्च पद्धतीच्या लिनक्समध्ये अपडेटबरोबर पुढची शाखा आपोआप आली तर कार्ड ओळखलंच जात नाही आणि समोर काळा पडदा. जीटीएक्स ६००-७०० मधली केपलर कार्डं १.३ पर्यंत पोचतच नाहीत, त्यांच्यासाठी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून जुनं प्रोटॉन निवडावं लागतं. आणि चौथ्या पिढीच्या आय-५ मधल्या आतल्याच ग्राफिक्सवर भरवसा ठेवू नये, त्याचा व्हल्कन आधार अर्धामुर्धा आहे.

आता मोजण्याकडे येऊ. माझा सगळा जीव खरंतर इथेच अडकलाय.

सेकंदाला सरासरी ६० फ्रेम्स म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. समजा ६० सेकंदांची एक फेरी मोजली. त्यातले ५९ सेकंद गेम सेकंदाला ६१ फ्रेम्सने छान चालला, म्हणजे ३५९९ फ्रेम्स. उरलेल्या एका सेकंदाइतका वेळ दहा फ्रेम्सनी खाल्ला, प्रत्येकी १०० मिलिसेकंद, फेरीभर इकडेतिकडे विखुरलेल्या. एकूण ३६०९ फ्रेम्स, भागिले ६०, सरासरी ६०.१५. कागदावर झकास. खेळणारा मात्र दहा वेळा दचकलेला असतो, आणि त्यातली एक दचक ऐन वळणावर आलेली असते.

म्हणून लोक ‘एक टक्का लो’ बघायला लागले. चांगलं झालं, पण त्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एका रीतीत सर्वांत हळू एक टक्का फ्रेम्स वेगळ्या काढून त्यांची सरासरी घेतात. आपल्या फेरीत एक टक्का म्हणजे ३६ फ्रेम्स : दहा १०० मिलिसेकंदांच्या, बाकी २६ सुमारे १६.४ च्या. सरासरी ३९.६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्स. दुसऱ्या रीतीत फ्रेम्स हळू ते जलद अशा ओळीत लावतात आणि नेमकी ३६ वी फ्रेम उचलतात. ती निघते १६.४ मिलिसेकंदांची, म्हणजे ६१ फ्रेम्स. तीच फेरी, तीच फाईल. एकाचं उत्तर २५, दुसऱ्याचं ६१. विंडोजचा आकडा एका रीतीने आणि लिनक्सचा दुसऱ्या रीतीने काढलेला असेल, तर त्या तुलनेवर भांडणं करून मैत्री तोडण्यात अर्थ नाही. साधन कुठली रीत वापरतं ते त्याच्या सेटिंगमध्ये दिसतं, तेवढं बघून घ्यावं. त्याहून बरं, प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवलेली कच्ची फाईल घ्यावी आणि दोन्हीकडचं गणित एकाच तक्त्यात, एकाच सूत्राने करावं. तीस आणि साठच्या मधोमध काय, तर पंचेचाळीस वाटतं. मिलिसेकंदांत मात्र ३३.३ आणि १६.७ यांच्या मधोमध २५ येतात, म्हणजे ४० फ्रेम्स. डेकवर लोक ४० वर का खूश असतात ते यात दडलंय.

साधनं तिन्हीकडे फुकट आहेत. विंडोजवर इंटेलचं प्रेझेंटमॉन, किंवा त्यावरच बांधलेलं कॅपफ्रेमएक्स. लिनक्सवर मँगोहड : स्टीममध्ये गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये मँगोहडचं नाव लिहून त्यापुढे टक्क्याच्या दोन खुणांच्या मधे कमांड हा शब्द टाकायचा, मग खेळताना डावं शिफ्ट आणि एफ२ दाबलं की नोंद सुरू. मॅकवर मेटलचा (ॲपलच्या ग्राफिक्सच्या भाषेचा) स्वतःचा परफॉर्मन्स एचयूडी, म्हणजे पडद्यावरची आकड्यांची पट्टी, आहे.

फेरी कशी घ्यावी? ज्या गेममध्ये आतच बेंचमार्क दिलाय तो बरा, सायबरपंक २०७७ किंवा शॅडो ऑफ द टूम रेडरसारखा. दर वेळी तोच रस्ता, तीच गर्दी. पहिली फेरी घ्यावी आणि फेकून द्यावी. पहिल्यांदा गेम शेडर बनवत असतो. विंडोजवर डायरेक्टएक्स १२ मध्ये याच वेळी जास्त झटके बसतात, आणि लिनक्सवर स्टीम बरेचसे शेडर खेळण्याआधीच आणून-बनवून ठेवतं. कोऱ्या विंडोजची पहिली फेरी आणि लिनक्सची तिसरी फेरी शेजारी ठेवली, की लिनक्स जिंकणार हे ठरलेलंच. (पहिल्या तासाचा अनुभव हेच तुम्हाला मोजायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग दोन्हीकडची पहिलीच फेरी घ्या आणि तसं लिहा.) नंतरच्या तीन फेऱ्यांत सरासरी दोन-तीन टक्क्यांहून जास्त हलत असेल, तर आधी हलण्याचं कारण शोधावं. तोवर दोन ओएसमधल्या तीन टक्क्यांच्या फरकाला काही किंमत नाही.

शॅडो ऑफ द टूम रेडरचं नाव घेतलंच आहे तर त्यातली एक खोच. या गेमची फेरल कंपनीने २०१९ मध्ये लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढली. लिनक्सवर स्टीम ती आपोआप उतरवतं. तुम्हाला वाटतं आपण प्रोटॉन मोजतोय, मोजत असता भलतंच. जुन्या गेम्सच्या खास लिनक्स आवृत्त्या पुष्कळदा दुर्लक्षित असतात आणि प्रोटॉनमधून चालवलेली विंडोज आवृत्तीच पुढे निघते; पण कुठली चालू आहे हे प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीच्या पानावर बघितल्याशिवाय बोलू नये. अशाच आणखी खोचा : एका बाजूला डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करणारी तंत्रं) ‘ऑटो’वर राहिलेलं, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम्स बनवून घुसवणं) चालू, व्ही-सिंक (फ्रेम्स पडद्याच्या वेगाला बांधणं) चालू, पडद्याचं स्केलिंग १२५ टक्के असल्याने गेमने घेतलेलं रिझोल्यूशनच वेगळं. मॅकवर हे फार होतं, कारण तिथे पडद्याचे खरे पिक्सेल आणि मेनूत दिसणारं माप वेगळं असतं. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षा असते, नव्या मशीनवर बहुधा आधीपासून चालू. तिच्यामुळे काही टक्के जातात. बंद करून मोजलं असेल तर तसं नोंदवावं. मला विचाराल तर चालूच ठेवून मोजावं, कारण लोक तशीच वापरतात.

आणि वॅट. लॅपटॉपवर तर आधी वॅटच. विंडोजमध्ये कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, त्यात परफॉर्मन्स निवडलं की ग्राफिक्स चिपला ८० वॅट मिळतात असं समजू. लिनक्स टाकल्यावर ते सॉफ्टवेअर नाही. मशीन बॅलन्स्डवर, चिपला ६० वॅट. लगेच निष्कर्ष : लिनक्स हळू. एनव्हिडियाच्या लॅपटॉपवर प्रोसेसरचे उरलेले वॅट ग्राफिक्सकडे वळवणारी एक सेवा लिनक्समध्ये कधीकधी वेगळी चालू करावी लागते, ती बंद राहिली तरी हेच. मँगोहडमध्ये वॅट दाखवायची सोय आहे. दोन्हीकडचे वॅट जुळत नसतील तर फ्रेम्सची तुलना करण्याआधी ते जुळवावेत. स्वच्छ तुलना हवी असेल तर यंत्र एकच आणि कंपनीने दोन्ही ओएस स्वतः बसवलेल्या असाव्यात. लेनोवोचं लीजन गो एस २०२५ मध्ये विंडोज आणि स्टीमओएस अशा दोन्ही रूपांत आलं, ते त्यासाठी सोयीचं. तरी तिथेसुद्धा विंडोजचा ड्रायव्हर किती जुना आहे ते बघावं लागतंच.

वॅटचा सख्खा भाऊ म्हणजे ऊन. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत दुपारी तीनला काय असतं ते सांगायला नको. हिशोब साधा : पंखा आणि वॅट तेच असतील तर खोली जितकी तापते, साधारण तितकीच चिपही वर जाते. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ८५ वर राहत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तो ९८ वर जायला बघतो. लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० च्या दरम्यान स्वतःचा वेग आवरतात. म्हणजे सकाळी विंडोज मोजलं, जेवण करून लिनक्स टाकलं आणि दुपारी मोजलं, की लिनक्स हरतं. क्रम उलटा केला असता तर विंडोज हरलं असतं. म्हणून खोलीत एक साधा तापमापक ठेवावा, फेरीआधी पंधरा-वीस मिनिटं गेम नुसता चालवून मशीन तापू द्यावं आणि मग मोजावं. लॅपटॉप पहिली काही मिनिटं उसन्या जोरावर पळतो, ते आकडे कुणाच्याच कामाचे नाहीत. विंडोज, लिनक्स, पुन्हा विंडोज अशा क्रमाने घेतलं तर पहिल्या आणि तिसऱ्या मोजणीतल्या फरकावरून खोलीने किती खाल्लं ते कळतं.

कूलर लावा, पण कॅबिनेट त्याच्या झोतात नको. ओली हवा आणि उडणारे थेंब दोन्ही बोर्डाला वाईट. मागाच्या वस्तीत आणखी एक भानगड असते : हवेतले कापसाचे तंतू. साधी धूळ ब्लोअरने उडते. तंतू पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या मधे नमद्यासारखे दाबून बसतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि ब्लोअर मारला तर आणखी आत रुततात. पंखा काढून तो थर चिमट्याने उचलावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर नको तितकी गरगरतात. अशा ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी एकदा उघडून बघणं बरं. ओएस बदलून मिळणार नाहीत इतक्या फ्रेम्स यातून परत मिळतात, हे माझं ठाम मत.

व्होल्टेज कमी आहे म्हणून गेम हळू चालतो, असं पुष्कळ जण म्हणतात. डेस्कटॉपवर तसं होत नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) एकतर हवे ते व्होल्ट देतं नाहीतर मशीन बंद-चालू होतं, मधलं काही नाही. लॅपटॉपची गोष्ट वेगळी : वीज गेली, चार्जरचा पुरवठा तुटला, की बॅटरीवर वॅट एकदम खाली येतात. ती फेरी सरळ रद्द.

मॅकबद्दल थोडक्यात आटपतो, कारण खेळण्यासाठी मॅक घ्या असं मी कुणाला सांगणार नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो खेळायचं थांबणार नाही. २०२० च्या एम१ चिपपासून तिथे दोन दुभाषी लागतात. विंडोजचे गेम्स इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी, मॅकचा प्रोसेसर आर्म. ते भाषांतर रोझेटा २ करतं. वर डायरेक्टएक्सचं मेटलमध्ये भाषांतर, त्यासाठी ॲपलने २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिट दिलं आणि क्रॉसओव्हरनेही ते वापरलं. तेलुगूतून कानडीत आणि कानडीतून मराठीत अशी ही वाट, शब्द सांडतातच. बाल्डर्स गेट ३ किंवा सायबरपंकसारखी खास मॅकसाठी काढलेली आवृत्ती असेल तर खेळ चांगला जमतो. जुने ३२-बिट मॅक गेम्स २०१९ च्या कॅटलिनापासून चालतच नाहीत. मॅकबुक एअरला पंखाच नाही. त्याची पहिल्या पाच मिनिटांची आणि अर्ध्या तासानंतरची मोजणी दोन वेगळी यंत्रं वाटावीत इतकी वेगळी येते, मे महिन्यात तर विचारूच नका.

या सगळ्या मोजमापाच्या आधी एक दार आहे, आणि ते बंद असेल तर आकडे वाया. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. हळू चालतो असं नाही, चालतच नाही. त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात बसते. फोर्टनाईटही नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सचं दार लावून घेतलं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशाच यंत्रणांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली खरी, पण ती वापरायची की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. काउंटर-स्ट्राईक २ लिनक्सवर आहे, मॅकवर नाही. तेव्हा आपल्या रोजच्या तीन-चार गेम्सची नावं आधी प्रोटॉनडीबी या साइटवर बघावीत, मग लिनक्स टाकायला पेनड्राईव्ह शोधावा. मित्रांबरोबर रात्री व्हॅलोरंट खेळणाऱ्याला लिनक्सचा उपदेश करणं म्हणजे निव्वळ छळ. एकट्याने कथा-गेम्स खेळणारा, आरएक्स ५८० वाला, विंडोज ११ मध्ये न बसणारा, त्याला मात्र मी आजच बॅझाईट किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार टाकून बघ म्हणेन.

बघताना दोन्ही ओएस ठेवायच्या तर दोन वेगळ्या एसएसडी घ्याव्यात. एकाच एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या) डिस्कवरची विंडोजची स्टीम लायब्ररी लिनक्समध्ये जोडून वापरायचा मोह सगळ्यांना होतो, ८०-१०० जीबी पुन्हा कोण उतरवणार! पण प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जो विंडोजसारखा फोल्डर उभा करतं, त्यात कोलन असलेली नावं येतात आणि एनटीएफएसवर ती गडबड करतात. गेम उघडतो, बंद होतो, कारण कळत नाही. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केल्यावरही डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्स ती फक्त वाचू देतं, तिच्यावर लिहू देत नाही. गेमचा फोल्डर लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर कॉपी करावा आणि स्टीमला तिथेच इन्स्टॉल करायला सांगावं. ते असलेल्या फाईल्स तपासतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं.

आणि घड्याळ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज उघडलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. कधी स्टीम लॉगिन नाकारतं, ते लगेच लक्षात येतं. लक्षात येत नाही ते मोजणीच्या फाईलवरचा वेळेचा शिक्का : रात्री साडेनऊला, खिडक्या उघडून, तीस अंशांच्या खोलीत घेतलेली विंडोजची फेरी फाईलवर दुपारी चारची म्हणून दिसते. महिन्याभराने तीच फाईल उघडून कुणी म्हणतं, बघा, भर दुपारच्या उन्हात विंडोज किती थंड राहिलं. लिनक्सला मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगणारी एका ओळीची कमांड आहे, टाइमडेटसीटीएलची. ती पहिल्या फेरीच्या आधी द्यावी.